तिसऱ्यांची जागा

यमुनाबाईच्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. तरी दोन वर्षांपूर्वी भर मासळीबाजारात तिनं शेजारच्या सावित्रीला चोर म्हटलं, तेव्हा मासे विकणाऱ्या बायकासुद्धा गप्प झाल्या. खाडीत ओहोटीला चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या, तर प्रत्येकीची जागा ठरलेली. दुसरीच्या जागेत कुणी वाकायचं नाही. सावित्री वाकली होती, यमुनाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच वर्षी यमुनाबाईच्या जागेतल्या तिसऱ्या आटल्या, मग माणसानं दुसरं काय समजायचं? वीस वर्षांची मैत्री तिथंच मोडली.

२००५च्या जानेवारीत कॉलेजातली उर्वशी खाडीचा अभ्यास करायला आली. तिच्याकडे हातभर लांब-रुंद लाकडी चौकट होती. ती चिखलावर ठेवायची आणि आतलं सगळं मोजायचं.

"एक तिसरी बघून काही कळत नाही, काकी," ती म्हणाली. "जागेतल्या सगळ्या तिसऱ्या बघायच्या. मग त्यांच्यासोबत राहणारे खेकडे, गोगलगायी. मग चिखल, पाणी, झाडं. हे सगळं मिळून खाडी."

"ह्यां शिकूक कॉलेजात जावक लागता?" यमुनाबाई म्हणाली. पण मनातून ती खूश होती. चोरी आता कागदावर येणार होती.

सावित्रीच्या जागेत, कांदळाच्या म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या मुळांशी, चौकटीत बेचाळीस तिसऱ्या निघाल्या. त्यातल्या निम्म्या बारक्या, नखाएवढ्या. यमुनाबाईच्या जागेत तीन, आणि खेकड्याचं एक बीळही नाही.

"बघ, चोरल्यान ना."

"चोरणारी मोठ्या नेईल, काकी. इथे बारक्याच नाहीत. आणि खेकडे कोण चोरेल? इथलं कांदळ कुणी तोडलं?"

कांदळ यमुनाबाईनंच तोडलं होतं, बाजारातल्या त्या भांडणाच्या आधी. झाडं गेली की चिखल मोकळा होईल, तिसऱ्या पसरतील, असा तिचा अंदाज. दोन दिवस कोयता चालवला, लाकडं महिनाभर चुलीला पुरली. मुळं गेली तसा चिखल भरती-ओहोटीनं वाहून नेला आणि बारक्या तिसऱ्याही त्याच्यासोबत गेल्या. उर्वशीनं हे समजावून सांगितलं, तेव्हा यमुनाबाईला मान वर करवेना.

संध्याकाळी ती सावित्रीच्या दारापुढच्या खळ्यात जाऊन उभी राहिली. सावित्री तिसऱ्या निवडत होती. बारक्या बाजूच्या डब्यात, परत खाडीत सोडायला.

"कांदळ माज्याच हातान गेला," यमुनाबाई म्हणाली. "तुका उगाच चोर म्हटलंय. पण त्या दिसा तू माज्या जाग्यात वाकलंस कित्याक?"

सावित्रीनं न बघताच तो डबा पुढे सरकवला.

"बारक्यो सोडूक. तुज्या जाग्यात काय रवला नव्हता म्हणान. तू आयकान घेतलंस खंय?"

यमुनाबाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. सावित्री निवडत राहिली.

"नुसत्यो सोडून फायदो नाय," ती म्हणाली. "रवतल्यो खंय त्यो? आदी कांदळाच्यो शेंगो लावया, झाडां येवंदेत. उद्या सकाळी ओहोटीक ये. आणि कोयतो घराक ठेवन ये."