तुळसाबाईची सही

“दोन्ही कागद सोबत घेता येत नाही, बाई. एक कोणता तरी द्या.”

गोपीचंदबाबूंनी खिडकीच्या गजांमधून दोन्ही कागद परत सरकवले. तुळसाबाईने ते घेतले, एकावर एक ठेवले, मग वरचा खाली आणि खालचा वर केला.

“बाबू, हा माह्या दिरानं लिहून देला. हा पोरीनं देला. दोघायचंबी मन राखावं म्हटलं.”

“मन राखायची खिडकी ही नाही, बाई.” गोपीचंदबाबूंनी चष्मा कपाळावर चढवला. “हा टीसीचा अर्ज. म्हणजे तुमची पोरगी ही शाळा सोडून जवाहरनगरले सायन्सले चालली. आणि हे संमतीपत्र. म्हणजे ती इथंच राहते आणि दर शुक्रवार-शनिवार लाखांदूरले, मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम शिकाले जाते. आता ती जाऊन राहिली का राहून राहिली, ते आधी घरी ठरवा.”

“घरी ठरलं असतं तं मी इथी कायले आली असती बाप्पा?”

रांगेत मागे उभे असलेले कुणीतरी हसले. तुळसाबाई हसली नाही. तिने खरेच विचारले होते.

“चार वाजेपर्यंत आहे मी,” बाबू जरा नरमले. “आज शेवटची तारीख. तुमची पोरगी तिकडे वर्कशॉपमध्ये आहे. तिलेच विचारा ना.”

तुळसाबाई व्हरांड्यातल्या बाकावर टेकली. शाळा तिला परकी नव्हती. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती तेरा वर्षांपासून पोरांची खिचडी शिजवत होती. कोणत्या गुरुजींची गाडी कितीला येते, कोणते पोर घरून उपाशी येते, हे तिला चुलीपुढे बसून समजे. पण साकोलीची ही सरकारी शाळा तिला उमगत नव्हती. म्हणे अकरावी-बारावी, आणि आतून आवाज येत होता लोखंड घासल्याचा. मुलांच्या हातात वह्या होत्या आणि खिशात पेचकस.

गोंधळ सुरू झाला तो जूनमध्ये. प्रवेशाचा फॉर्म भरायला ती हर्षासोबत नेटवाल्याकडे गेली होती. अशा शाळेत काय काय शिकवतात त्याची एक लांब यादी त्याने समोर ठेवली. सातवी शिकलेल्या तुळसाबाईने एकेक अक्षर जुळवत बोट फिरवले आणि ‘आरोग्य’ या शब्दावर येऊन ते थांबले. हर्षा म्हणाली, “आई, हे टाकू ना?” तुळसाबाई म्हणाली, “टाक.” बोट एका ओळीवर होते, पोरीची नजर दुसऱ्याच ओळीवर. त्यानंतर दोन महिने तुळसाबाई गावात ज्याला त्याला सांगत राहिली, “आमची हर्षा नर्सिंगले हाय.” पोरगी घरी तारांचे तुकडे आणायची, तेव्हा तिला वाटायचे, दवाखान्यात आता मशिनीच मशिनी असतात, तेही शिकवत असतील.

मग पोळ्याला धाकटा दीर आला. धर्मेंद्र जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला, क्वार्टरमध्ये राहणारा, घरातला एकटा सरकारी माणूस. त्याने हर्षाची वही उचलली, चार पाने उलटली आणि करंजी ताटात परत ठेवली.

“वहिनी, हे नर्सिंग नोहे. हे तं वायरमनचं काम हाय!”

“काय म्हणता भाऊजी?”

“अठ्ठ्याहत्तर टक्केवाली पोरगी, अन् हातात पक्कड? माह्याकडे पाठवा तिले. कॉलेजात बोलतो मी. सायन्स करन, मंग नर्सिंगची परीक्षा देईन. दोन वर्षं आमच्याकडेच राहीन.”

गुलाबने, तिच्या नवऱ्याने, हात झटकले. “मी धानगिरणीत पट्टा चढवणारा माणूस. मले शाळेतलं का समजते? तुले जसं वाटन तसं कर.”

तिला काय वाटते हेच तर तिला सापडत नव्हते. आणि जे एक पक्के ठाऊक होते, ते सांगण्यासारखे नव्हते.

हर्षाच्या जन्माच्या वेळी आरोग्य उपकेंद्रातल्या एका सिस्टरने दोन दिवस तिचा हात सोडला नव्हता. दहावीचा पहिला पेपर होता त्या सकाळी तुळसाबाईने गावच्या महादेवाला पाणी घालताना हात जोडून म्हटले होते, “देवा, माही पोरगी नर्स होईस्तोवर मी भाताचा घास खाणार नाई.” बोललेला नवस कुणाजवळ फोडायचा नसतो, म्हणून तिने घरात सांगितले, शुगर निघाली, भात बंद केला. खोटे बोलल्याची रुखरुख होती. त्यासाठी ती रोज एक माळ जास्त ओढायची. नव्वद पोरांचा भात रोज उपसायचा, त्याची वाफ तोंडावर घ्यायची आणि घरी येऊन पोळी खायची. चारी बाजूंनी धानच धान असलेल्या गावात हे सोपे नव्हते. पण दोन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे, असे तिने धरले होते.

ती उठली आणि आवाजाच्या दिशेने गेली.

वर्कशॉपच्या दारातून तिला हर्षा पाठमोरी दिसली. ओढणी कमरेला खोचलेली, वेणीचा अंबाडा. डाव्या हाताच्या चिमटीतून तांब्याची तार सुटत होती आणि उजव्या हाताने ती एक लहानसे चाक फिरवत होती.

“हर्षा!”

हर्षाने वळून पाहिले नाही.

“हर्षा, ओ हर्षा! काय वं, ऐकू नाई येत?”

चार पोरांनी वळून पाहिले. हर्षाची मान हललीसुद्धा नाही. दोन महिन्यांत पोरीला आईची लाज वाटायला लागली? की धुऊन धुऊन विटलेल्या या लुगड्याची? तेवढ्यात एक सर लगबगीने आले आणि ओठांवर बोट ठेवून उभे राहिले. मग तिला दाराबाहेर घेऊन हळूच म्हणाले, “रागावू नका. वेढे मोजते आहे ती. मी घनश्याम, तिचा शिक्षक. मधे बोललं की मोजणी तुटते. मग सगळी तार उकलून पुन्हा पहिल्यापासून.”

“मोजाची मशीन नसते का?”

“असते ना. पण पहिले सहा महिने मी तोंडानंच मोजायला लावतो. मशीन बिघडली तर हात बिघडायला नको.”

तुळसाबाईला आपली जपमाळ आठवली. सकाळी माळ हातात असताना घरात कुणी हाक मारली तरी ती स्वतः ‘ओ’ देत नसे. एकदा दूध उतू गेले तरी उठली नव्हती. तिने पदर नीट केला आणि दाराशी उभी राहून पोरीचे ओठ पाहू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

चाक थांबले. हर्षाने खडूने फरशीवर आकडा लिहिला, तारेला गाठ मारली आणि मग वळली. “आई! कवा आली तू?”

“मघाचीच आली.” बाकीचे तिने गिळले. “सर, एक विचारू? ही बारावीच ना?”

“बारावीच. बोर्डही तेच.”

“मंग सायन्स?”

“नाही. सायन्स नाही.”

“म्हणजे बारावी हाय, पण सायन्स नाई. आयटीआय?”

“तेही नाही, ताई. ते वेगळं.”

“मंग का हाय हे?”

घनश्याम सरांनी डोके खाजवले. “पंखा, पंप, गिरणीची मोटर जळली की नवी तार भरून ती पुन्हा चालू करता येईल, अशी बारावी.”

“अन् हे शिकून पोरगी नर्स होते का?”

हर्षाने चमकून आईकडे पाहिले. सर मात्र हसले नाहीत. “खोटं कशाला सांगू? इकडून तिकडे जाणं कठीण आहे. पण दवाखान्यातही पाण्याची मोटर जळतेच ना. मागच्या महिन्यात इथल्याच एका दवाखान्याची मोटर आली होती. अर्धी हिनं भरली. तिथल्या सिस्टर स्वतः विचारायला आल्या होत्या, कधी मिळते म्हणून.”

क्षणभर तुळसाबाईचा जीव हलका झाला. दवाखान्याचे काम तर केले पोरीने. महादेव एवढे धरून घेणार नाही का? मग तिची तिलाच लाज वाटली. एवढ्या वर्षांत तिने उपवासाच्या दिवशी चहात साखर किती यावरसुद्धा देवाशी घासाघीस केली नव्हती. शब्द दिला तो नर्सचा. मोटरचा नाही.

सर आत गेले. ती हर्षाला म्हणाली, “काका म्हणते ते तुह्या भल्याचंच हाय ना वं?”

“हो. पण मले रक्त पाहून घेरी येते. गेल्या साली तुहं बोट चिरलं, तं मीच पडली होती चुलीपाशी. तुले माहीत हाय.”

“सवय होते मंग.”

“होत असन.” हर्षा बोटांवरचा तारेचा काळा वळ अंगठ्याने चोळत राहिली. “आई, दहावीत मी एवढं पाठ केलं. का लिहून आली, माहं मलेच नाई समजलं. मार्क आले, तं लोकायनं पेढे खाल्ले. इथी मी चुकली, तं दिवा लागत नाई. मंग मी शोधते अन् मले सापडते, कोणत्या वेढ्याले चुकली थे.”

“मले काईच समजून नाई राहिलं पोरी.”

“मलेबी सगळं कोठी समजते?” हर्षा म्हणाली. “तू म्हणशीन तं जाईन मी काकाकडे. रडणार नाई.”

ते शेवटचे दोन शब्द तिने टाकले नसते, तर कदाचित तुळसाबाई खिडकीवर दुसराच कागद घेऊन गेली असती.

चारला दहा कमी होते. गोपीचंदबाबू शाईचा शिक्का पुसत होते. तुळसाबाईने संमतीपत्र पुढे केले आणि पेन हातात घेऊन थांबली.

“आता का झालं?”

“इथी लिहून हाय, ‘वरील सर्व मजकूर मी वाचून समजून घेतला आहे.’ बाबू, वाचला मी. पण समजला नाई. मंग सही कशी करू?”

“सगळेच करतात, बाई.”

“करत असतीन. खोडता येईन का तेवढं, ‘समजून’?”

गोपीचंदबाबूंनी कागदाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. “बावीस वर्षं झाली मला या खिडकीत. हे कुणी विचारलं नाही.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “इकडे कान द्या.”

मग त्यांनी नऊच्या नऊ कलमे वाचली, एकेक करून, तिच्या भाषेत. दुकान सकाळी दहाचे. दुकानात मालकाची बायकोही बसते. चालू विजेला मालक उभा असल्याशिवाय हात लावायचा नाही. बसचा पास शाळा करून देईल. सहाव्या कलमाशी ते स्वतःच अडले, आत जाऊन विचारून आले.

“आता?”

“थोडंसं समजलं.”

“थोड्याशालाही चालते सही.”

तुळसाबाईने पदराने हात पुसला आणि जोडाक्षराशी जरा थांबत पूर्ण नाव लिहिले. टीसीचा अर्ज तिने फाडला नाही. दिराने आपल्या हाताने लिहिलेला होता. घडी घालून पिशवीत ठेवला.

एसटी स्टँडवर बसची वाट पाहताना तिने हर्षाच्या फोनवरून दिराला सांगितले, “भाऊजी, पोरगी इथीच राहीन. तुमचं मन मोडलं, माफ करा. ... नाई, तिनं नाई. मी सही केली.” पलीकडून बराच वेळ बोलणे झाले. ती “हो भाऊजी, हो” म्हणत ऐकत राहिली आणि फोन परत देताना म्हणाली, “रागावले. दिवाळीले येतीन तवर उतरन राग.”

हर्षाने डबा उघडला. दुपारी वेळच मिळाला नव्हता. सकाळचा भात, वर लाखोळीच्या डाळीचे वरण, कडेला लोणच्याची फोड. आईने पहाटे तिच्यासाठी म्हणून भरलेला. तिने एक घास कालवला आणि आनंदातच तो आईच्या तोंडापाशी नेला.

“घे ना वं. आज एक घास. एका घासानं का होते?”

भाताचा वास अगदी नाकाशी आला. तुळसाबाईने पोरीचे मनगट धरले आणि घास हळूच तिच्याच तोंडाकडे वळवला.

“तू खा. मले पोळी हाय.”

“किती दिवस अशी पोळीच खाशीन? डॉक्टरनं काई सांगतलं का, कवापर्यंत थे?”

त्यांच्या गावावरून जाणारी लाखांदूरची बस वळण घेऊन आत येत होती. माणसे पिशव्या उचलून दाराकडे सरकू लागली.

“नाई,” तुळसाबाई म्हणाली, “दिवस नाई सांगतले.” आणि पोरीच्या ओठाला चिकटलेले शीत बोटाने काढून तिने ते खाली पडू न देता परत डब्यात ठेवले.