नव्या कॅमचा ठोका

जीवरामनं दोन बोटांच्या चिमटीत इंजिनाची सळई धरली आणि हलकेच फिरवली. फिरली, वरखाली मात्र हलली नाही. थंड इंजिनाला एवढीच ढील हवी. त्यानं नट आवळला, झाकण बसवलं आणि फडक्याला हात पुसले. इथवरचं काम बोटांचं होतं, आणि बोटं अजून शाबूत होती.

पुढचं काम कानांचं होतं.

बुलेट अभयकुमारची. डाळ मिलवाल्या कन्हैयालालशेठचा हा धाकटा. गेल्या महिन्यात धुळ्याच्या चंद्रकांताशी त्याची सोयरीक जमली, आणि तेव्हापासून त्याला जळगाव-धुळे रस्ता फार लांब वाटू लागला होता. दर आठवड्याला तिकडे डाळीचा काही ना काही सौदा निघायचाच. त्यानं मुंबईहून कॅमची नवी जोडी आणवली होती. इंजिनाचे व्हॉल्व कधी आणि किती उघडायचे ते कॅम ठरवतो. नव्या कॅमनं ते जास्त उघडणार आणि गाडी जास्त पळणार. लग्नाआधी ही घाई, मग लग्नानंतर विमानच घेशील की काय, अशी जीवरामच्या बायकोनं, शेवंताबाईनं, सकाळीच त्याची फिरकी घेतली होती. अभयकुमार लाजून हसला, शेवंताबाई हसली, म्हणून जीवरामही हसला. त्याला त्यातला एक शब्द ऐकू आला नव्हता.

पंधरा वर्षं त्यानं धरणगावला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात फिटरकी केली होती. तिथल्या गदारोळानं कान खाल्ले. आधी बारीक आवाज गेले, मग मोठेही. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जीवरामनाना नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो, एवढ्याच कीर्तीवर लोक त्याच्या अंगणात गाड्या आणून लावत. बहिऱ्याच्या हाती इंजिन कोण देईल? आणि इंजिन गेलं तर पन्नाशीतल्या या माणसाला दुसरं काही येत होतं थोडंच.

गेली दोन वर्षं निभावलं ते एका योगायोगावर. अंगणातून स्वयंपाकघराचं दार थेट समोर दिसे. गाडी सुरू झाली की आत शेवंता नेमकी भाकरी थापत असे, आणि तिचा हात इंजिनाच्या तालावर पडे, दोन ठोक्यांना एक थाप. इंजिन अडखळलं की हात अडखळे. बिचारीला पत्ताही नाही, असं जीवराम मनाशी म्हणे, आणि तिच्या हाताकडे बघत कार्बोरेटरचा स्क्रू फिरवी. आपण घरातच चोरी करतो आहोत असं त्याला वाटे, आणि त्याची लाजही वाटे.

अभयकुमारनं किक मारली. नव्या कॅमनं अख्खी गाडी हिंदकळू लागली. एरवी टाकीवर तळवा टेकला की थोडंफार कळायचं. आज सगळंच थरथरत होतं. यातली थरथर कॅमची किती आणि चूक आपली किती, तळव्याला काही उमगेना. जीवरामनं दाराकडे पाहिलं.

शेवंता परातीपुढे बसली होती. थाप पडली, पुन्हा पडली, मग हात हवेतच थांबला. त्यानं स्क्रू पाव फेरा सोडला. हात पुन्हा पडू लागला, पुन्हा चुकला. त्यानं ठिणगीची वेळ ठरवणारा पत्रा केसभर सरकवला. असं अर्धा तास चाललं. शेवटी तिचा हात एकसारखा पडत राहिला, आणि जीवरामनं पाना खाली ठेवला.

अभयकुमार खुशीत गाडी घेऊन नशिराबादकडे चक्कर मारायला गेला. जीवरामच्या पोटात कावळे ओरडत होते. तो आत गेला.

चूल थंड होती. तवा खुंटीला होता. सकाळच्या भाकरी टोपलीत फडक्याखाली झाकलेल्या होत्या, आणि परातीत एकच भाकरी पडली होती, कडा सुकून चिरलेली. शेवंताबाईचा तळवा लालबुंद झाला होता.

जीवराम परातीकडे बघत उभा राहिला.

“कवापासून?” त्यानं विचारलं.

ती उठून त्याच्या समोर आली. आता कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ही कितीतरी दिवसांत आपल्याशी पाठमोरी बोललीच नाही.

“तुमच्या मांगे हंडा पडला व्हता, तुम्ही वळले नाही. तवापासून.”

“मंग बोलली का नाही?”

“तुम्ही तरी कुठे बोलले?”

दोन वर्षं आपण हिच्यापासून लपवत होतो आणि ही आपल्यासाठी खोट्याच भाकरी थापत होती. त्यानं तिचा लाल तळवा हातात घेतला. तो त्यावर तेलकट अंगठा फिरवत राहिला.

तिनं दाराकडे मान वळवली, म्हणजे गाडी परत आली होती. जीवराम अंगणात आला. अभयकुमारच्या ओठांवरून त्याला कळलं ते एवढं, की गाडी उडते आहे, पण वेग सोडला की मधेच खोकते. जीवरामनं मागे पाहिलं. शेवंताबाई मुकाट्यानं परात ओढून बसायच्या बेतात होती.

तो आत गेला, भिंतीला टेकवलेला पाट उचलला आणि अंगणात आणून गाडीशेजारी टाकला.

“इथं बस,” तो तिला म्हणाला. “परात राहू दे घरात.”

ती बाहेर आली, पण बसेना. अभयकुमार दोघांकडे बघत राहिला.

“अभयभाऊ, मले ऐकू येत नाही,” जीवराम म्हणाला. “ही ऐकते, मी स्क्रू फिरवतो. आजवर असंच चाललं. पटत असेल तर किक मारा.”

पाटाजवळ पडलेला पाना शेवंताबाईच्या पायाला लागेल म्हणून अभयकुमारनं तो उचलून बाजूला ठेवला, आणि किकवर पाय दिला.

शेवंताबाई पाटावर बसली. तिनं पदर सावरला, इंजिनाकडे कान केला, आणि परक्या माणसासमोर कधी ठेवला नव्हता तो हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून ठोका धरला.