ट्राममध्ये उभी असलेली बाई

"सांग, माझा बाप त्यांचा होता की आपला?" बोर्गहिल्डबाईंनी काठी टेबलाला टेकवत विचारलं.

त्यांचे वडील गुडमुंड यांचं एक व्यंगचित्र माझ्यासमोर होतं. दुसऱ्या महायुद्धात, नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना, ऑस्लोतल्या ज्या वर्तमानपत्रात ते आलं, ते जर्मनांच्या मुठीत होतं. पुढे गुडमुंडवर देशद्रोहाचा खटला झाला आणि निकालाआधीच ते वारले. थडग्याच्या दगडावर आजही फक्त त्यांच्या बायकोचं नाव आहे. बापाचं कोरावं की नाही, हे नव्वदीला टेकलेल्या बाईंना माझ्याकडून हवं होतं. मी संग्रहालयात जुनी व्यंगचित्रं वाचतो ना, म्हणून.

चित्र तसं साधं. ट्राममध्ये जर्मन शिपाई, शेजारची जागा रिकामी, आणि तिथे न बसता उभी राहिलेली एक बाई. आमची माणसं तेव्हा निषेध म्हणून तसंच करत. शेवटी जागा असताना उभं राहणं हाच गुन्हा ठरवला त्या लोकांनी.

"आपलेच होते," मी म्हणालो. "शिपाई कसा खजील झालाय बघा."

"आणि बाईची हनुवटी? फावड्याएवढी?"

गोची तिथेच होती. म्हणजे टिंगल आपल्याच लोकांची? की छापणाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकायला तिला मुद्दाम वेडीविद्री काढली? मी सकाळी एक म्हणायचो, जेवल्यावर दुसरं. डोक्याचं पार दही झालं होतं.

बाई भिंग घेऊन वाकल्या. "अरे, ही तर आई!"

"नक्की?"

"ही हनुवटी मी रोज आरशात बघते, गाढवा."

मला हायसं वाटलं. "मग सुटलं की! बायको उभी राहिली, त्यांना अभिमान वाटला."

"ती उभी नव्हती राहिली," बाई हळूच म्हणाल्या. "त्या शिपायाशेजारीच बसली. मी तिच्या मांडीवर होते, तापाने फणफणलेली. अख्ख्या ट्रामने आमच्याकडे पाठ फिरवली. घरी येऊन ती किती रडली! बाबा चकार शब्द बोलले नाहीत, चित्र काढत बसले."

चित्रात मूल कुठेच नव्हतं.

"टोमणा मारला का रे तिला? की कागदावर तरी तिची लाज राखली?"

छापणारा कोण, वाचणारे कोण, हे तपासायला मी संग्रहालयात येणाऱ्यांना जन्मभर शिकवलं. पण चित्र एकाच माणसासाठी काढलं असेल तर? मला स्वतःचीच चीड आली.

"आणि मला का वगळलं? माझ्यामुळे ती बसली, हे कुणाला कळू नये म्हणून? की मी त्यांना आठवलेच नाही?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "दगडवाला खोळंबलाय. कोरायचं की नाही?"

"कोरा."

"म्हणजे आपला होता?"

"माहीत नाही, बाई."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या, आणि दगडवाल्याला लावायला माझाच फोन मागितला.