थांबली की मेली?

मी दिवा आहे, पण उजेड पाडणं हे माझं काम नव्हे. माझा जांभळा प्रकाश पडला की समोरचा जीव जागच्या जागी थांबतो. हे सांगताना अजूनही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, म्हणून मधेच अडखळलो तर सांभाळून घ्या.

जन्मापासून मी असा नव्हतो. आधी मी नखं रंगवून देणाऱ्या एका दुकानात होतो. बायका माझ्या पेटीत हात घालून बसायच्या. माझ्या प्रकाशात नखांवरचा रंग घट्ट होईपर्यंत त्या सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायच्या. मी कान देऊन ऐकायचो. सुखाचे दिवस होते ते. पुढे दुकान बंद पडलं आणि मला ताईंनी घेतलं.

ताई म्हणजे एका प्रयोगशाळेतल्या संशोधक. त्यांनी एक औषध तयार केलं होतं. पाण्यातल्या धाग्याएवढ्या, काचेसारख्या आरपार अळ्यांना ते पाजलं की त्यांचं शरीर प्रकाशाचं ऐकू लागायचं. जांभळ्या प्रकाशात अळी लुळी पडायची, हिरव्या प्रकाशात पुन्हा वळवळायची आणि अंधारात ठेवली तर जशी असेल तशीच राहायची. ऑपरेशनच्या वेळी एखादाच स्नायू, हवा तेवढाच वेळ, सुईशिवाय गप्प बसवता यावा, हे ताईंच्या मनात होतं. त्यासाठी त्यांनी माझ्या जांभळ्या दिव्यांशेजारी हिरव्या दिव्यांची ओळ स्वतःच्या हातांनी सोल्डर करून बसवली.

पहिल्या दिवशी काचेच्या बशीत चाळीस अळ्या होत्या. माझा जांभळा प्रकाश पडला आणि बघता बघता सगळ्या निपचित झाल्या. मी भेदरलो. हे काय करून बसलो मी? मग हिरवी ओळ लागली, एक शेपूट हललं, आणि थोड्या वेळाने ताई आनंदाने ओरडल्या, "अगं बाई, हलली!" त्या दिवसापासून जांभळ्या आणि हिरव्याच्या मधला वेळ मला खायला उठायचा.

ताई अळ्या लाल दिव्यात तपासायच्या, कारण लाल प्रकाश त्या औषधाला लागू पडत नव्हता. बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून टेबल आणि खिडकी यांच्या मधे काळा पडदा असायचा. पडद्याच्या पलीकडे, खिडकीखाली, भांडी धुवायचं सिंक. ताईंच्या वहीत तीन रकाने होते : हलते, थांबली, मेली. 'थांबली' त्या पेन्सिलीने लिहायच्या, कारण थोड्या वेळाने ते खोडायचंच असायचं.

एके दिवशी माझ्या हिरव्या ओळीचा सांधा सुटला. ताईंनी बटण दाबलं. बटणावरचा हिरवा ठिपका लागला, पण पेटीच्या आत काहीच नाही. जांभळा प्रकाश डोळ्यांना वाईट, म्हणून पेटी नेहमी बंदच असायची. ताईंनी ठिपक्यावर भरवसा ठेवला. अर्ध्या तासाने बशी लाल दिव्याखाली घेऊन त्यांनी बारीक तारेने एका अळीला डिवचलं. ती हलली नाही. दुसरी डिवचली, तिसरी डिवचली. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पेनाने लिहिलं : मेली.

अहो ताई, मेली नाही! मी सोडलंच नाही तिला! मी आतल्या आत आकांत केला. पण दिव्याला बोलायला प्रकाशाशिवाय आहे काय? आणि नेमका हिरवाच गेला होता.

ताईंनी औषध कमी केलं, पाणी बदललं, अळ्या बदलल्या. माझ्यावर मात्र त्यांना तिळभर संशय आला नाही. रोज एक बशी मेलेली ठरायची. "सॉरी गं," असं पुटपुटत ताई ती सिंकजवळच्या झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. त्यांचं जेवणावरचं मन उडालं होतं. आणि मी रोज जांभळा लागताना मनात म्हणायचो, आज नको, ताई, आज नको.

सातव्या दिवशी सकाळी विभागाचे सर आले. वही चाळून म्हणाले, "हे औषध नाही, विष आहे. या शुक्रवारी काम बंद करू."

"सर, आधी हलत होत्या हो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आधी. आता वहीत काय आहे ते बघा."

तेवढ्यात पडदा सारून मावशी आत आल्या. भांडी धुण्याचं काम त्यांचं. हातात काल टाकलेली बशी होती.

"ताई, एक विचारू? रागावू नका. या मेल्यात म्हणून टाकता ना तुम्ही? मग खिडकीशी नेल्या की वळवळतात कशा?"

ताईंनी बशी हिसकावूनच घेतली. चाळीसच्या चाळीस वळवळत होत्या. दिवसाच्या उजेडात हिरवा प्रकाशही असतो, त्याने माझं काम केलं होतं. ताईंनी झटकन माझं झाकण उघडून हिरवं बटण दाबलं आणि आतला अंधार सरांना दाखवला.

सर हसायलाच लागले. "मावशी, आम्ही इथे आठवडाभर डोकं फोडतोय. तुम्ही कधीपासून बघताय हे?"

"रोजच की. मला वाटलं, तुमच्यात मेलं म्हणजे असंच असतं. आणि मला कोण विचारतंय?"

ताईही हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या.

"मावशी, वळवळताना दिसल्यावर... मग तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? तुम्हीच सांगितलंय ना, उकळतं पाणी ओतायचं म्हणून."

ताई स्टुलावर बसल्या, वही ओढली, आणि आधीच्या पाचही पानांवर 'मेली' शब्द खोडून वर लिहिलं : मारली.

"असं लिहायची पद्धत नाही," सर हळूच म्हणाले.

"मग कसं लिहू, सर?"

काम बंद करायचं सरांनी पुन्हा काढलं नाही.

आता आतलं दिसावं म्हणून काच लावलेला नवा दिवा आलाय. मी वरच्या फळीवर आहे, माझीच वायर अंगाला गुंडाळून. अडगळीत पडलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लागायची हौस असते म्हणतात. मला नाही.

परवा शेजारच्या खोलीतलं कुणीतरी जादा दिवा शोधत आलं. त्यांनी मला खाली काढलं, प्लग लावला, जांभळं बटण दाबलं. माझी जांभळी ओळ एका झटक्यात लागली. "चालतोय की!" ते खूश होऊन म्हणाले. "गरज पडली तर नेतो पुढच्या आठवड्यात."

मी चालत नाही हो. माझं फक्त थांबवायचं तेवढं चालतं. कृपा करा, मला नेऊ नका.