आठवा वस्तरा

लेकीने आदल्या दिवशी पहिल्यांदाच हाताळलेला वस्तरा मी सकाळी उघडला, तर पात्यावर तांबूस बोटं उमटलेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला! काही माणसांचा घामच तसला, पोलाद खातो.

"तू कात्री चालव, मशीन चालव," मी म्हणालो. "आजोबांच्या सात वस्तऱ्यांना हात लावायचा नाही."

"पुसला होता, बाबा."

"पुसला असता तर हे दिसलं असतं?"

माझ्यामागे दुकान तिलाच चालवायचं होतं, आणि आमच्याकडे लोक येतात ते वस्तऱ्याच्या दाढीसाठीच. मला कळत होतं, पण रागापुढे माझं काही चालत नाही.

माझे वडील म्हणजे धंद्यातला बाप माणूस. चाळीस वर्षं वापरलेल्या त्यांच्या वस्तऱ्यांवर गंजाचा ठिपका नाही. गिऱ्हाईक बोलत असलं तरी ते आधी पातं पुसणार, चामोटीच्या कोरड्या चामड्यावर फिरवणार, मगच "हं, बोला" म्हणणार. दुकान बंद करताना प्रत्येक पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. उजव्या अंगठ्याला कायम सुती चिंधी. आम्ही त्याला म्हाताऱ्याचा नखरा म्हणायचो.

डाग काढायला पॉलिश हवं म्हणून त्यांची लाकडी पेटी उपसली. तळाशी धुतलेल्या चिंध्यांची चळत, आणि तिच्याखाली मी कधीच न पाहिलेला आठवा वस्तरा. पातं गंजाने खाल्लेलं. त्यावर अंगठ्याचा ठसा, जुना, काळा, खोल. ठशाच्या मधोमध आडवी रेघ. लहानपणी पत्र्याने कापलेला वडिलांचा अंगठा मी कुठेही ओळखला असता.

त्यांचा हातही तसाच होता! हा माणूस चाळीस वर्षं, दाढीगणिक, स्वतःच्याच घामाशी झुंजला आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. माझे हात जन्माचे कोरडे. मी तर कित्येकदा तेलसुद्धा लावलेलं नाही, आणि मिरवत आलो की वडिलांची शिस्त माझ्यात उतरली आहे.

लेकीला हाक मारली. तिने पातं पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली.

"बाबा, शपथ, हे मी नाही केलं."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि चळतीतली वरची चिंधी उचलली. "अंगठा पुढे कर."