दुसऱ्यांनी भरलेली पाटी

नानीबाईच्या पाटीत पारुबाईनं गुपचूप एक ओंजळ हळकुंडं टाकली आणि तरन्नुमनं ते पाहिलं.

हिंगोलीच्या मोंढा-बाजारामागच्या हळदीच्या कारखान्यात बायका रांगेनं बसून माल निवडत. लांब हळकुंडं एका पाटीत, गोल गड्डे म्हणजे गट्टू दुसरीत. पाटी भरली की मुकादम शिवशंकर ती उचलून न्यायला लावी. ज्या बाईची पाटी मागं राहिली, किंवा जी घरी राहिली, तिच्या जागेवर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई बसलेली असे. म्हणून बायकांनी आपसात एक रीत पाडली होती. एखादीला बरं नसलं की शेजारच्या बायका तिच्याकडे न बघता आपल्यातली ओंजळ तिच्या पाटीत टाकत. बोलायचं कुणी नाही, आभार मानायचे नाहीत.

पॉलिशच्या ड्रमवरच्या गड्यांना याची गरज नव्हती. त्यांना पगारी रजा होती. पावसाळ्यात त्यांच्यातल्या साजीदला कावीळ झाली, तो बरा होईपर्यंत घरी पडून राहिला, पगार घरपोच आला, आणि परत येऊन तो त्याच ड्रमवर उभा राहिला. तेव्हा पारुबाई म्हणाली होती, "त्याची कावीळ पर्मनंट हाय बाई. आपली रोजंदारीवरची."

सगळ्या हसल्या होत्या. तरन्नुमही.

आता ती नानीबाईकडे बघत होती. नानीबाईनं डावा हात काखेत दाबून धरला होता. कपाळावरच्या हळदीतून घामाचे ओघळ उतरले होते. ओठ काळपट पडले होते.

"मावशी, काय होऊन राहिलं?"

"पित्त हाय. खाली बघ, मुकादम येऊन राहिला."

तरन्नुमची अम्मीही पित्तच म्हणायची. रहमतबी, याच रांगेतली. सगळा हिवाळा तिला धाप लागत होती आणि सगळा हिवाळा या बायकांनी तिची पाटी भरली. सगळ्यांत जास्त ओंजळी नानीबाईच्या. तरन्नुमनंही टाकल्या होत्या. अम्मी पोत्यांपाशी कोसळली तेव्हा तिची पाटी काठोकाठ भरलेली होती. शिवशंकर दवाखान्यात खरं तेच बोलला, "डॉक्टरसाहेब, कालपर्यंत तर सगळ्यांच्या बराबरीनं काम केलं बाईनं." अम्मी त्याच दिवशी गेली.

नानीबाईच्या पाटीत आणखी एक ओंजळ पडली. मग रांगेतल्या कोमलची. आता तरन्नुमची पाळी होती. तिनं हळकुंडं उचलली, हात पाटीवर नेला, आणि तो तिथंच अडला. पारुबाईनं डोळे वटारले. टाक की!

शिवशंकर दोन बायका सोडून उभा होता. आपण बोललो तर मावशीची जागा जाईल. बहुतेक आपलीही.

तिनं हळकुंडं आपल्या ढिगावर परत टाकली.

"मुकादम, नानीमावशीला बरं न्हाई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यावं लागतंय."

रांगेतले हात थांबले.

"काही झालं न्हाई मला," नानीबाई म्हणाली. "पोरगी येडी हाय."

शिवशंकरनं पाटीकडे पाहिलं. "पाटी तर भरलेली हाय."

"ती आमी भरली," तरन्नुम म्हणाली. "माझ्या अम्मीचीबी आमीच भरत होतो. साजीदभाईला रजा दिली तशी हिला द्या. पगारी."

"साजीद मशीनचा माणूस हाय. बायकांना कुठं रजा असती?"

"काहून नसती?"

शिवशंकर चिडला. "जायचं तर जा. तूबी जा तिच्यासंगं. उद्याचं मी सांगत न्हाई."

साजीदनं ड्रम बंद केला आणि रस्त्यावरून ऑटो बोलावून आणला. पारुबाई बसल्या जागेवरून फणकारली, "झालं समाधान? आता सगळ्यांच्याच पाट्या तपासंल तो."

ऑटोत नानीबाईनं तरन्नुमचा हात झटकला. "तुझ्या मायनं मुकादमाला माझं नाव कधी सांगितलं न्हवतं. मला ताप होता तवा तिनंच भरली माझी पाटी."

"व्हय," तरन्नुम म्हणाली. नानीबाईचा श्वास मध्येच अडकत होता.

सरकारी दवाखान्यात नर्सनं छातीला वायरी लावल्या, मशीनमधून निघालेल्या कागदाकडे पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारली. स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं.

तरन्नुम बाहेर बाकावर बसली. बऱ्याच वेळानं पारुबाईचा फोन आला.

"हाय का ती?"

"हाय. सुई दिली. डॉक्टर म्हनले, संध्याकाळपर्यंत थांबली असती तर…"

पारुबाई म्हणाली, "मुकादमानं गेटवर कामासाठी उभ्या असलेल्या बाया आत बोलावल्या होत्या. तुमच्या दोघींच्या जागेवर कुणी बसंना. म्हनल्या, ज्या जागेवरून बाई अशी उचलून नेली तिथं आमी न्हाई बसत. आज बसल्या न्हाईत, पोरी. उद्या उपाशी पोट घेऊन येतील, तवाचं मला इचारू नको."

आत जाऊ दिलं तेव्हा नानीबाईचे डोळे उघडे होते. तोंडावर मास्क होता. तिनं तो बोटानं थोडा सरकवला.

"माझी जागा?"

तरन्नुमनं मास्क परत नीट बसवला. खोटं सांगणं सोपं होतं.

"आज मोकळी हाय, मावशी," ती म्हणाली.