ताईच्या खुर्चीतला मॉप

नाक मुरडू नका. हो, मी फरशी पुसायचा मॉपच बोलतोय. लाकडी दांडा, खाली सुती दोऱ्यांचा झुपका आणि अंगाला कायमचा फिनाइलचा वास. पण जरा अदबीनं ऐका, कारण मी एका फिल्ममध्ये काम केलंय. मागे कुठंतरी उभं राहायचं काम नाही बरं का, चांगली समोरासमोरची भूमिका! शेवटी पडद्यावर माझं नावसुद्धा येतं. तुमच्यापैकी कितीजणांचं आलंय?

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. एका यंत्रात दांडा तासला गेला, दुसऱ्यात दोऱ्या वळल्या गेल्या आणि एका दुकानात झाडू-खराट्यांच्या पिंपात मला उलटं उभं केलं गेलं. तिथं एक दिवस आई आली. तिनं मला उचललं, दुकानाच्याच फरशीवर फिरवून बघितलं आणि दुकानदार ‘अहो, अहो’ करेपर्यंत अख्खा कोपरा पुसून टाकला. ‘हा बरा आहे,’ ती म्हणाली. त्या क्षणी मला कळलं, आपल्याला आता विश्रांती नाही.

ही आई दातांच्या दवाखान्यात अवजारं उकळून, पुसून, निर्जंतुक करून ठेवायचं काम करते. दिवसभर तेच करून घरी येते आणि घरीही तेच करते. डाग दिसला की तिच्या जिवाला चैन पडत नाही. घरात तिच्या दोन मुली. बाबा जहाजावर इंजिनाच्या खोलीत असतात, सुट्टीला येतात तेव्हा आईच्या भीतीनं दारातच बूट काढून हातात घेतात.

थोरली ताई. शांत, उंच, सरळ चालणारी. धाकटीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. भिंगरी फिल्म शिकायला कॉलेजात जाते. त्यामुळे माझ्या नोकरीत विनाकारण भर पडली. कधी ती माझ्या दांड्याला माइक बांधून खिडकीबाहेर धरायची, कधी पडदा वर टेकवायला मलाच लावायची. आई ओरडायची, ‘अगं, मॉप आहे तो!’ मी मात्र मनातून खूश असायचो. आयुष्यभर डोकं खाली घालून काम केलेल्याला कुणीतरी वर उचललं, तर कुणाला नको असतं?

मग ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, लोकांचे आखडलेले गुडघे नि खांदे मोकळे करायची. आणि ताई जायच्या दिवशीच भिंगरीचं कॉलेजचं शूटिंग आलं.

‘एक दिवस नाही सोडता येत तुला?’ ताई म्हणाली.

‘मी वेळेत पोचते गं. शपथ.’

‘राहू दे. तू आपलं शूटिंगच कर.’

भिंगरी वेळेत पोचली नाही. ताई बस पकडून गेली. थोड्या वेळानं भिंगरी घरी आली ती एका पायात चप्पल, एक हातात, आणि तोंड एवढंसं झालेलं. त्या दिवसापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. ताईचा फोन यायचा, पण आईला. ‘आई, तिला सांग, माझं निळं पुस्तक पाठव.’ ‘आई, तिला सांग, पाठवलंय.’ मध्ये बिचारी आई, दोन्हीकडून बोलून दमायची. महिने गेले. आधी कुणी फोन करायचा, याच्यावर गाडं अडलं होतं आणि दोघीही हट्टाला पेटलेल्या.

अशात भिंगरीचं शेवटच्या वर्षाचं काम आलं. अट एकच होती. फिल्म एकट्यानं करायची. लिहायची, घडवायची, त्यात काम करायचं, आवाज धरायचा, कापायची नि जोडायची, सगळं आपण. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

भिंगरीनं गोष्ट लिहिली ती दोन बहिणींची. दोघी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून बोलतात, बस्स. आणि दोघीही तीच होणार! कॅमेरा एका जागी घट्ट उभा करायचा. आधी डाव्या खुर्चीत बसून धाकटीचं बोलणं टिपायचं, मग कपडे बदलून उजव्या खुर्चीत बसायचं आणि थोरलीचं टिपायचं. नंतर दोन्ही अर्धी चित्रं शेजारी-शेजारी जोडायची, की एकाच टेबलाशी दोन बहिणी दिसतात. मात्र मधल्या वेळात कॅमेरा केसभरही हलता कामा नये. म्हणून तिनं कॅमेऱ्याच्या पायांपाशी, खुर्च्यांपाशी, टेबलापाशी, सगळीकडे फरशीवर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवले.

आता प्रश्न आला, धाकटी बोलताना बघणार कुणाकडे? भिंतीकडे बघून बोललं तर डोळे भिंतीकडे बघितल्यासारखेच दिसतात. भिंगरीनं घरभर नजर फिरवली आणि ती नजर माझ्यावर थांबली.

तिनं मला धुतलं, वाळवलं, उलटं केलं आणि ताईच्या खुर्चीच्या पाठीला बांधलं. दोऱ्यांचा झुपका वर, म्हणजे केस. गळ्यात ताईचा घरी राहिलेला पिवळा स्कार्फ. मापायची पट्टी आणून बरोबर ताईच्या उंचीवर माझं डोकं आणलं. मग समोर बसून माझ्याकडे बघितलं आणि खो-खो हसत सुटली. मी गंभीर राहिलो. कलाकारानं हसायचं नसतं.

दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं तेव्हा तिनं कॅमेरा चालू केला. कागद बाजूला सारला आणि कागदावर नव्हतं तेच बोलायला लागली.

‘ताई, मी आले होते गं. शूटिंग सोडून निघाले, ट्रायपॉड खांद्यावर, कोपऱ्यापर्यंत धावत आले. बस निघाली होती. तुझी खिडकी दिसली मला. आणि नेमकी तेव्हाच चप्पल तुटली. ती उचलायला वाकले, मान वर केली तर बस वळलेली. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तू मागे वळून बघितलं होतंस का गं?’

आणि माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले, ओठावर अर्धं हसू. मला फार वाटलं, काहीतरी बोलावं. पण मॉपला काय माहीत असणार? मी त्या दिवशी न्हाणीघरात उभा होतो.

‘कट,’ भिंगरी स्वतःलाच म्हणाली, आणि नाचायलाच लागली. तिला कळलं होतं, असं परत नाही जमणार. ऊन सरकलं होतं, तेव्हा ताईचा अर्धा भाग उद्या दुपारी घ्यायचा ठरवून ती ताईसारखा कुर्ता शोधायला मैत्रिणीकडे पळाली. फिल्म परवा सकाळी जमा करायची होती.

तेवढ्यात आई घरी आली.

तुम्हाला कळलंच असेल. फरशीवर जिथं तिथं चिकटलेले रंगीत तुकडे बघून आईच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिनं बोथट सुरी आणून एकेक तुकडा खरवडला. ट्रायपॉड उचलून भिंतीला लावला. मग मला खुर्चीवरून सोडवलं, स्कार्फ घडी करून ठेवला आणि मला बादलीत बुडवून सगळी खोली लख्ख पुसून काढली. मी ज्या जागेवर बसून जन्मातला पहिला अभिनय केला होता, ती जागा माझ्याच डोक्यानं पुसली गेली!

भिंगरी दारातच थिजली. ‘आई! हे काय केलंस?’

‘काय केलं? फरशी पुसली. काय ते तुकडे चिकटवलेत! खरवडून खरवडून कंबर मोडली माझी.’

‘अगं, त्या खुणा होत्या माझ्या!’

‘खुणा? फरशीवर?’

‘आणि कॅमेरा कुठाय?’

‘तो बाजूला केला. त्याच्याखाली केवढी धूळ होती माहितीये?’ म्हणता म्हणता आईचा आवाज खाली आला. भिंगरीचा चेहरा बघून तिनं मला हातातून सोडूनच दिलं. ‘परत करता येईल ना गं? मी धरू का काही?’

‘नाही आई. एकटीनंच करायचंय.’

दुसऱ्या दिवशी आईनं सुट्टी टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. आवाज होऊ नये म्हणून तिनं भांडंसुद्धा हलवलं नाही. आईनं आयुष्यात एवढी शांतता पहिल्यांदाच पाळली असेल. बाहेर भिंगरीनं अंदाजानं कॅमेरा लावला, मला बांधलं आणि तेच सगळं पुन्हा बोलली. शब्द तेच, पण नाटकात बोलावं तसे. तिलाही ते कळलं. मग तिनं मला काढून ठेवलं, कुर्ता घातला, ताईच्या खुर्चीत बसली आणि ताई होऊन म्हणाली, ‘हो, बघितलं होतं.’

थांबली. पुन्हा म्हणाली, ‘नाही, नव्हतं बघितलं.’

मग खुर्चीतून ताडकन उठली. ‘मला काय माहीत तिनं बघितलं की नाही ते! मी कशी सांगू?’

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ‘अगं, मग नको सांगूस,’ ती हळूच म्हणाली. ‘माहीत नाही ते कशाला सांगायचं?’

भिंगरीनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग लॅपटॉप उघडून बसली आणि आदल्या दिवशीचं चित्र लावलं. डावीकडे ती, उजवीकडे पिवळ्या स्कार्फातला मी. तिनं काहीच कापलं नाही, माझ्यावर दुसरं काही जोडलं नाही. एक मुलगी मॉपशी बोलतेय, त्याला मनातलं विचारतेय आणि तो मख्ख बसलाय. सुरुवातीला हसू येतं. मग तिचा प्रश्न येतो आणि कुणाला हसावंसं वाटत नाही.

शेवटी नावं आली. लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन, सगळीकडे तिचंच नाव. वर सरकत सरकत तेच नाव परत परत येतं, वाचणाऱ्याला कंटाळा येईल इतकं. आणि सगळ्यात खाली, ‘ताईच्या भूमिकेत: मॉप’. ते वाचून आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

फिल्म पाठवून झाल्यावर भिंगरी माझ्या शेजारी फरशीवर बसली. ‘संपली रे,’ मला म्हणाली. काम संपलं की माणसं आनंदी होतात, असा माझा समज होता. आई होते. ही आधी हसली, मग थोडी रडली, मग म्हणाली, ‘आता उद्या उठून करू काय?’ आणि शेवटी म्हणाली, ‘भूक लागली.’ एवढे दिवस उरावर घेतलेलं काम उतरलं की हलकंही वाटतं आणि चुकल्यासारखंही वाटतं, हे मला त्या दिवशी समजलं.

तिचे सर व्हिडिओ कॉलवर आले तेव्हा मी मागेच उभा होतो.

‘सगळं एकटीनं केलंस?’

‘हो सर.’

‘मग तो मॉप कुणी धरला होता?’

‘खुर्चीला बांधला होता सर.’

‘हं. आणि तिच्या प्रश्नाला उत्तर का नाही?’

‘अजून आलेलं नाही सर.’

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘चांगली झालीय. खरंच चांगली.’ भिंगरीनं कॉल बंद करून मलाच धरून दोन गिरक्या घेतल्या. माझ्या दोऱ्या सगळ्या खोलीभर फिरल्या आणि त्या दिवशी आई काही बोलली नाही.

‘ताईला पाठवू का गं?’ आईनं नंतर विचारलं.

‘पाठव. नाहीतर नको पाठवूस. तुझं तू बघ,’ भिंगरी म्हणाली आणि नखं खात बसली. आईनं पाठवली.

उत्तर आलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. भिंगरी फोन उलटा ठेवायची आणि लगेच सुलटा करायची. आता तिला गुणांची काळजी नव्हती. ज्या एका माणसासाठी केली, तेच गप्प होतं.

शनिवारी दाराची घंटा वाजली. दारात ताई, हातात पिशवी.

‘अगं, कळवायचं तरी!’ आई म्हणाली.

ताईनं भिंगरीकडे बघितलंसुद्धा नाही. ‘कुठाय तो?’

‘कोण?’

‘माझं काम करणारा.’

सरळ न्हाणीघरात आली. मला उचललं, उलटं केलं आणि डोळे बारीक करून न्याहाळलं. माझी पाचावर धारण बसली.

‘माझे केस असे दिसतात?’

दारातून बारीक आवाज आला, ‘धुतल्यावर असेच दिसतात.’

आईनं तोंडाला पदर लावला. ताई हसली नाही. मला घेऊन बाहेर आली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली. फरशीवर आता एकही खूण नव्हती, पण ती नेहमीच्याच जागेवर बसली. भिंगरी समोर बसली.

‘बघितलं होतं,’ ताई म्हणाली. ‘खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळून हात करत होते मी. तू सरळ माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस. मला वाटलं, मुद्दाम. ‘शूटिंगच कर’ म्हणाले त्यावरून अजून रागावलीय, म्हटलं.’

‘चप्पल तुटली होती गं माझी!’

‘मग सांगायचंस ना, वेडे! मॉपला सांगतेस आणि मला सांगत नाहीस?’

आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंनी एकदमच रडं फुटलं, आणि एकदमच हसूही. मी दोघींच्या मध्ये आडवा पडलो होतो, पण माझी पर्वा कुणाला? भिंगरीचा हात लागून आईनं आणून ठेवलेला चहाचा कप कलंडला.

‘आणि ते नाव बदल,’ ताई डोळे पुसत म्हणाली. ‘ताईच्या भूमिकेत मॉप म्हणे!’

‘आता नाही बदलता येत. जमा झाली.’

तर असा मी. स्कार्फ ताई घेऊन गेली, तिचाच होता. मी परत बादलीशेजारी असतो, दोऱ्या विरळ झाल्यात, दांड्याला एक चीर गेलीय. तुम्हालाही कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर आधी माझ्यासारख्या एखाद्याला सांगून बघा. आम्ही ऐकतो, मध्ये बोलत नाही, कुणाला सांगत नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या माणसानं खिडकीतून हात केला होता की नाही, हे आम्हाला ठाऊक नसतं हो. ते त्यालाच विचारावं लागतं.

त्या दिवशी चहा टेबलावरून फरशीवर ओघळला, तेव्हा आई सवयीनं उठायला गेली. ताईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं. ‘बस तू. मी पुसते,’ ती म्हणाली, आणि मला हातात घेतलं. मी डोकं खाली घातलं आणि कामाला लागलो.